राजी सेल लाइन शेजारच्या लॅबमधून घेऊ का? लिम्फोमाच्या सेल्सवर काम केलेल्यांनी प्लीज सांगा

मृणाल_नागपूर

नमस्कार सगळ्यांना. मी नागपुरातच एमएस्सी बायोटेक दुसऱ्या वर्षाला आहे आणि डिझर्टेशनसाठी पळसाच्या फुलांचा एक्सट्रॅक्ट कॅन्सर सेल्सवर टेस्ट करून राहिली आहे. फुलं मार्चमध्ये रामटेककडून आणली, सावलीत वाळवली, मेथनॉलमध्ये काढली, तिथपर्यंत सगळं नीट झालं. आतापर्यंत आमच्याकडे सेल लाइन (लॅबमध्ये सतत वाढत राहणाऱ्या सेल्स) म्हणून फक्त हेला (गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची) होती, पण गाइड मॅडम म्हणतात लिम्फोमाची (लसिकाग्रंथींच्या कॅन्सरची) एक तरी लाइन पाहिजे, राजी घे, जमलं तर यू-९३७ पण घे.

आता झालं असं की जवळच्याच एका कॉलेजच्या लॅबमध्ये राजी आहे, तिथली सीनियर म्हणाली ये आणि फ्लास्क घेऊन जा, पैसे वगैरे काही नको. पुण्याहून मागवायची तर पत्रव्यवहार, पैसे भरणं, वाट पाहणं आणि माझ्याकडे वेळ कमी आहे. घेऊ का ही फुकटची? दुसरं म्हणजे राजी, यू-९३७, जुरकॅट ही सगळी नावं लोक एकाच दमात घेतात, यांच्यात नेमका फरक काय आणि माझ्या कामाला कोणती बरी? आणि हेलावर एमटीटी (जिवंत सेल्स किती ते रंगावरून सांगणारी टेस्ट) केली तेव्हा सगळ्यात जास्त डोसला रंग कंट्रोलपेक्षाही गडद आला, म्हणजे माझा एक्सट्रॅक्ट सेल्स मारायच्या ऐवजी वाढवून राहिला का?

शेवटचं, राजीमध्ये ईबीव्ही (एपस्टाइन-बार) व्हायरस असतो असं वाचलं. घरी वहिनीला सातवा महिना सुरू आहे म्हणून जरा टेन्शन आलंय.

प्रज्ञा_सेलकल्चर

मृणाल, फुकटचा फ्लास्क घेऊ नकोस, हे आधी सांगते. ती सीनियर चांगल्या मनाने देत असेल यात शंका नाही, पण तिला तीन गोष्टी विचारून बघ: ही लाइन मुळात कुठून आली, किती पॅसेज झाले (किती वेळा नव्या फ्लास्कमध्ये टाकून वाढवली), आणि एसटीआर प्रोफाइल (डीएनएवरून लाइनची ओळख पटवणं) कधी केलं. बहुतेक ठिकाणी उत्तर येतं की आमच्या आधीच्या बॅचने ठेवली होती. फ्लास्कवर मार्करने राजी लिहिलंय म्हणून आत राजीच आहे असं अजिबात नाही, आणि लिम्फोमा-ल्युकेमियाच्या लाइनमध्ये हा घोळ जास्त लपतो कारण या सगळ्या सेल्स गोल, तरंगणाऱ्या, मायक्रोस्कोपखाली जवळपास सारख्याच दिसतात. तुझ्या फ्लास्कमध्ये हेला शिरली तर ती तळाला चिकटेल आणि तुला कळेल तरी, पण यू-९३७ मध्ये के५६२ शिरली तर डोळ्यांना काहीच कळणार नाही, आणि हे उदाहरण मी मनाने देत नाहीये, यू-९३७ चे काही साठे प्रत्यक्षात के५६२ निघाले होते आणि १९९५ मध्ये ते छापून आलं. के५६२ ही एका ५३ वर्षांच्या बाईच्या क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियातून आलेली, म्हणजे आजारच वेगळा. जर्मनीच्या डीएसएमझेड या सेल बँकेने ५०० हून जास्त ल्युकेमिया-लिम्फोमा लाइन तपासल्या तेव्हा सुमारे १५ टक्के चुकीच्या निघाल्या. हा आकडा वाचल्यापासून मी कोणाच्याही फ्रीजमधली व्हायल तशीच वापरत नाही.

दुसरं मायकोप्लाझ्मा, सेल कल्चरमध्ये शिरणारा एक बारीक जंतू. साधे बॅक्टेरिया शिरले तर मीडियम (सेल्सचं खाद्य असलेलं द्रव) गढूळ होतं, पिवळं पडतं, आपण फेकून देतो. मायकोप्लाझ्मा शिरला तर मीडियम स्वच्छ, सेल्स वाढतायत, सगळं छान वाटतं, आणि तो आतून सेल्सचं खाणं खात असतो, एमटीटीचे आकडे बिघडवतो. त्याला सेल वॉल नसते म्हणून पेनिसिलिन त्याच्यावर चालत नाही. पीसीआर किंवा होक्स्ट स्टेन (डीएनएला लागणारा चमकणारा रंग) केल्याशिवाय कळत नाही. फ्लास्क आणलाच तर तो तुमच्या हेलाच्या इन्क्युबेटरमध्ये जाणार, आणि मग हेला पण गेली.

म्हणून पुण्याला एनसीसीएसच्या (नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्स) सेल रिपॉझिटरीला पत्र टाक, तिथे कॉलेजेसना लाइन देतात. गाइडच्या सहीचं पत्र लागेल, ते आजच टाइप कर.

आता फरक. राजी म्हणजे बर्किट लिम्फोमा, बी सेलचा (अँटिबॉडी बनवणाऱ्या पांढऱ्या पेशींचा) कॅन्सर. १९६३ मध्ये नायजेरियात इबादानला पल्व्हरटाफ्ट यांनी एका ११ वर्षांच्या मुलाच्या वरच्या जबड्यातल्या गाठीतून ती वाढवली, माणसाच्या रक्तपेशींच्या घराण्यातली अशी सतत वाढत राहणारी ही पहिली लाइन. बी सेलच्या पृष्ठभागावरची सीडी१९, सीडी२० ही प्रोटीन्स दोन्ही आहेत, ईबीव्ही आहे, कॅन्सरला आवर घालणारं पी५३ जनुक बिघडलेलं आहे. दाऊदी पण बर्किटच, १६ वर्षांच्या मुलाची, पण तिच्यात बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन नाही म्हणून पृष्ठभागावर एचएलए क्लास वन (सेलची ओळख दाखवणारी प्रोटीन्स) येतच नाही. रॅमॉस पण बर्किट, पण ईबीव्ही नाही. यू-९३७ ची गोष्ट वेगळी, ती १९७४ मध्ये स्वीडनमध्ये एका ३७ वर्षांच्या पुरुषाच्या छातीत साठलेल्या पाण्यातून आली, त्या वेळच्या भाषेत हिस्टिओसायटिक लिम्फोमा, पण वागते मोनोसाइटसारखी. पीएमए हे केमिकल टाकलं की तळाला चिकटून मॅक्रोफेजसारखी होते. तिच्यात सीडी२० शोधायला जाशील तर मिळणार नाही. आणि जुरकॅट तर लिम्फोमाच नाही, ती टी सेल ल्युकेमियाची, १४ वर्षांच्या मुलाची. तर राजी आणि यू-९३७ दोन्हीवर टेस्ट करून "लिम्फोमाच्या दोन लाइनवर परिणाम दिसला" असं वाक्य थिसिसमध्ये टाकू नको, परीक्षक जाणता असेल तर तिथेच धरेल.

एमटीटीचं सांगते. पळसाच्या फुलात ब्युटीन आणि त्याच्या नात्यातले फ्लॅव्होनॉइड्स आहेत, रंग पण केशरी आणि वरून ते स्वतःच एमटीटीला रिड्यूस करू शकतात, म्हणजे सेल नसल्या तरी जांभळा रंग येईल. एका प्लेटमध्ये सेल्स न टाकता फक्त मीडियम, एक्सट्रॅक्ट आणि एमटीटी टाकून बघ, सगळ्या डोसला. तिथेही रंग चढला तर तुझ्या सेल्स वाढल्या नाहीत, तुझा एक्सट्रॅक्टच बोलतोय. मग एमटीटीच्या आधी एक्सट्रॅक्टवालं मीडियम काढून सेल्स धुवायला पाहिजेत, आणि राजी तरंगती असल्यामुळे आधी पूर्ण प्लेट सेंट्रिफ्यूज करायला लागेल, नाहीतर पिपेटने मीडियम ओढताना सेल्सच ओढल्या जातील. प्लेटचं रोटर तुमच्याकडे नसेल तर ट्रायपॅन ब्लू (मेलेल्या सेल्सना निळं करणारा रंग) टाकून सरळ हिमोसायटोमीटरवर (सेल्स मोजायची काचेची स्लाइड) मोज. वेळ जातो पण खात्रीचं काम आहे. एक्सट्रॅक्ट विरघळवायचा डीएमएसओ शेवटी ०.५ टक्क्याच्या वर जाऊ देऊ नको आणि तेवढ्याच डीएमएसओचा कंट्रोल ठेव.

वहिनीबद्दल: ईबीव्ही थुंकीतून पसरतो आणि मोठ्या माणसांपैकी बहुतेकांना तो लहानपणीच होऊन गेलेला असतो. राजी सहसा बाहेर पूर्ण व्हायरस सोडत नाही. तरी ही लाइन बीएसएल-२ (जैवसुरक्षेची दुसरी पातळी) मध्येच हाताळायची, बायोसेफ्टी हूडमध्ये, ग्लोव्ह्ज घालून, तोंडाने पिपेट अजिबात नाही, वापरलेलं सगळं हायपोक्लोराइटमध्ये नाहीतर ऑटोक्लेव्हमध्ये. एप्रन लॅबमध्येच ठेव, घरी आणू नको.

क्यूसी_महालवाला

मी मूळचा महालातला, आता हैदराबादला बायोलॉजिक्सच्या क्वालिटी कंट्रोलमध्ये. प्रज्ञाताईंनी सगळं नीट सांगितलंय, मी फक्त आमच्याकडे या लाइन कशाला लागतात ते सांगतो, कारण मृणाल तुला पुढे नोकरी शोधायची असेल तर हे कामाचं आहे.

रिटक्सिमॅब माहीत असेल, सीडी२० ला धरणारी अँटिबॉडी, अमेरिकेत नोव्हेंबर १९९७ मध्ये मान्यता मिळाली आणि २००७ मध्ये डॉ. रेड्डीजने आपल्याकडे रेडिटक्स आणलं. साध्या गोळीत औषध किती आहे ते एचपीएलसी मशीनवर कळतं, अँटिबॉडीचं तसं नाही, प्रोटीन वजनाला बरोबर भरेल पण काम करेलच असं नाही, घडी बिघडली, साखरेच्या साखळ्या बदलल्या की ताकद बदलते. म्हणून ती जिवंत सेल्सवरच तपासावी लागते. आमच्याकडे राजी, दाऊदी किंवा डब्ल्यूआयएल२-एस या सेल्स प्लेटमध्ये टाकतो, त्यावर औषधाची उतरती डायल्युशन्स, मग माणसाच्या सीरममधलं कॉम्प्लिमेंट (अँटिबॉडी लागलेल्या सेल्सना भोकं पाडून मारणारी प्रोटीन्स), ३७ डिग्रीला तासभर किंवा थोडं जास्त, आणि शेवटी रेझाझुरिन टाकून किती सेल्स जिवंत राहिल्या ते वाचायचं. जिवंत सेल्स निळ्याचा गुलाबी करतात. कर्व्ह काढायचा, प्लेटच्या शेजारच्याच विहिरींमध्ये (प्लेटमधले खोलगट खाचे) रेफरन्स स्टँडर्डचा कर्व्ह, दोन्हींची तुलना. नव्या बॅचची ताकद रेफरन्सच्या मानाने ठरलेल्या मर्यादेत आली तरच बॅच पुढे जाते.

इथे लाइनचा स्वभाव माहीत असावा लागतो. दाऊदी कॉम्प्लिमेंटने पटकन मरते, राजी त्या मानाने चिवट, कारण सीडी२० किती आहे त्याच्यासोबत सीडी५५ आणि सीडी५९ ही कॉम्प्लिमेंटला अडवणारी प्रोटीन्स किती आहेत त्यावर सगळं ठरतं. आणि हे पॅसेज वाढत गेले की हळूहळू सरकतं. म्हणून आमच्याकडे मास्टर बँक, त्यातून वर्किंग बँक, आणि ठरलेल्या पॅसेजच्या पलीकडे सेल्स वापरायच्याच नाहीत, कितीही चांगल्या दिसत असल्या तरी. किराणा दुकानातलं वजनच झिजलेलं असेल तर काट्याला दोष देऊन काय फायदा, तसं आहे हे.

काही बारीक गोष्टी ज्या मला रोज लागतात: कॉम्प्लिमेंट बर्फावर वितळवायचं, एकदा वितळलं की परत गोठवायचं नाही. ५६ डिग्रीला अर्धा तास तापवलेलं सीरम हा कंट्रोल ठेवायचा, त्यात सेल्स मरायला नको. सेल्सचे गुच्छ झालेले असतात, ते हळू पिपेटने मोकळे करायचे, जोरात नाही. आणि ॲसेच्या (टेस्टच्या) आदल्या दिवशी सेल्सना ताजं मीडियम द्यायचं, वाढीच्या मधल्या टप्प्यातल्या सेल्सच घ्यायच्या, गच्च भरलेल्या फ्लास्कमधल्या नाही.

अँटिबॉडीचं मारेकरी (एनके) सेल्सना बोलावण्याचं काम तपासायचं असेल तर पूर्वी डोनरचं रक्त काढून एनके सेल्स वापरायचे, दर डोनरला आकडा वेगळा. आता बऱ्याच ठिकाणी जुरकॅटमध्ये सीडी१६ (अँटिबॉडीला धरणारं प्रोटीन) आणि ल्युसिफरेज (प्रकाश देणारं एन्झाइम) बसवलेली रिपोर्टर लाइन वापरतात, टार्गेट म्हणून राजी, आणि प्रकाश किती आला ते मोजायचं. म्हणजे टी सेल ल्युकेमियावाली जुरकॅट इथे एनकेची जागा घेते.

बाबांसाठी_विचारतोय

मी या फील्डमधला नाही, शोधता शोधता इथे आलो. माझ्या बाबांना डीएलबीसीएल (बी सेलचा एक प्रकारचा) लिम्फोमा आहे, आर-सीएचओपी (रिटक्सिमॅबसोबतची केमो) सुरू आहे, इथे नागपुरातच. वर रिटक्सिमॅबचं वाचलं म्हणून विचारतो. दादा, जी बाटली बाबांना लागते ती प्रत्येक बॅच खरंच अशी सेल्सवर तपासलेली असते का? आम्हाला भारतात बनलेलं औषध देतात, महागडं परदेशी नाही, त्यामुळे घरात सगळ्यांच्या मनात शंका आहे. आणि दुसरं, बाबांच्याच गाठीतल्या सेल्स लॅबमध्ये वाढवून कोणतं औषध लागू पडतं ते आधी बघता येत नाही का? एका नातेवाईकाने सांगितलं की असं करतात म्हणे.

क्यूसी_महालवाला

भाऊ, हो. बाजारात येणाऱ्या प्रत्येक बॅचची ताकद तपासल्याशिवाय ती सोडता येत नाही, आणि या औषधाची ताकद म्हणजे वर सांगितली तशी सेल्सवरची टेस्टच. भारतात बनलेलं म्हणजे न तपासलेलं असं मनातून काढून टाका. बाबांच्या सलाइनमध्ये जे जातं त्याचे काही थेंब आधी कोणीतरी प्लेटमध्ये टाकून तासन् तास बसलेलं असतं, मी स्वतः हेच काम करतो. तुम्ही फक्त एवढं बघा की बाटली थंड साखळीत आली आहे, २ ते ८ डिग्रीत, मेडिकलवाल्याकडून घ्यायला जाल तेव्हा बर्फाच्या डब्यातच न्या, आपल्या नागपूरच्या एप्रिल-मेमध्ये गाडीच्या डिकीत ठेवू नका, आणि फ्रीजरमध्ये तर अजिबात नाही, गोठलं तर प्रोटीन खराब होतं. बॅच नंबर फाइलमध्ये लिहून ठेवत जा.

अजून एक, पहिल्या डोसच्या आधी हिपॅटायटिस बी ची तपासणी झाली होती का ते फाइलमध्ये बघा, रिटक्सिमॅबने जुना दबलेला हिपॅटायटिस बी परत उसळू शकतो. बहुतेक झालीच असेल, दिसली नाही तर डॉक्टरांना विचारा.

प्रज्ञा_सेलकल्चर

दादा, बाबांच्या सेल्सबद्दल मी सांगते. गाठीतून काढलेल्या लिम्फोमाच्या सेल्स प्लेटमध्ये ठेवल्या तर बहुतेक वेळा काही दिवसांतच मरतात. शरीरात त्यांना आजूबाजूच्या सेल्सचा आधार असतो, तो इथे मिळत नाही. ज्या मोजक्या लाइन आज जगभर वापरतात त्या अशा असंख्य प्रयत्नांतून टिकलेल्या. आणि यात एक फसवणूक होते, कधी कधी फ्लास्कमध्ये काहीतरी जोमाने वाढायला लागतं, सगळे खूश होतात, आणि तपासलं तर कळतं की लिम्फोमा मेला आणि पेशंटच्या रक्तातल्या साध्या बी सेल्सना ईबीव्हीने अमर करून टाकलंय. त्यांच्यावर औषध तपासलं तर ते बाबांच्या आजाराबद्दल काहीच सांगणार नाही. संशोधनात वेगवेगळे प्रयोग चालू आहेत, पण उपचार ठरतात ते बायोप्सी, इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री (गाठीच्या तुकड्यातली प्रोटीन्स रंगवून बघणं) आणि पेट स्कॅनवर, आणि डीएलबीसीएलला आर-सीएचओपी हा जगभर पहिला उपचार म्हणून देतात. कोणी जास्त पैसे घेऊन "तुमच्या सेल्सवर औषध टेस्ट करून देतो" म्हणालं तर आधी तुमच्या ऑन्कॉलॉजिस्टला विचारा. बाबांना लवकर बरं वाटू दे.

मृणाल, तुझ्यासाठी पण यात आहे: आपल्याकडे नॉन-हॉजकिनमध्ये डीएलबीसीएल सगळ्यात जास्त दिसतो, राजी बर्किट आहे. तुला खरंच त्या आजाराबद्दल बोलायचं असेल तर एसयू-डीएचएल-४ सारखी लाइन लागेल. नाहीतर राजीवर कर आणि बर्किट असंच लिही.

अण्णा_पॅथॉलॉजी

मुलांनो, वाचून बरं वाटलं. मी आता रिटायर्ड आहे, जन्मभर मायक्रोबायोलॉजीच्या लॅबमध्ये आणि काही वर्षं ब्लड बँकेत गेली. तुम्ही लोक औषध टेस्टिंगचं बोलून राहिले, पण पेशंटच्या रक्ततपासणीत पण या लिम्फोमाच्या सेल्सनी किती काम केलं ते कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

डेनिस बर्किट यांनी १९५८ मध्ये युगांडातल्या मुलांच्या जबड्याच्या या गाठींबद्दल लिहिलं. १९६१ ला लंडनमध्ये त्यांचं व्याख्यान झालं, ते अँथनी एपस्टाइन यांनी ऐकलं आणि गाठींचे तुकडे विमानाने मागवायला सुरुवात केली. बरेच दिवस काही सापडेना. मग १९६३ च्या डिसेंबरात एक विमान धुक्यामुळे लंडनऐवजी मँचेस्टरला उतरलं, नमुना उशिरा पोचला, बाटलीतलं पाणी गढूळ. बॅक्टेरिया झाले म्हणून कोणीही फेकून दिलं असतं. एपस्टाइन यांनी थेंब मायक्रोस्कोपखाली घेतला तर आत गाठीतून सुटलेल्या मोकळ्या, जिवंत सेल्स. त्यावरून त्यांना समजलं की या सेल्स तरंगतच वाढवायच्या, आणि त्यातून ईबी-१ लाइन झाली, तिच्यात इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपवर व्हायरस दिसला, १९६४ मध्ये लॅन्सेटमध्ये आलं, एपस्टाइन, अचाँग आणि बार.

मग त्या व्हायरसच्या अँटिबॉडी पेशंटच्या रक्तात शोधायच्या कशा, तर पुन्हा याच सेल्सवर. काचेच्या स्लाइडवर गोल गोल खाचे, प्रत्येकात वाळवून चिकटवलेल्या सेल्स, व्हीसीए (व्हायरसच्या कवचाचं अँटिजेन) बघायचं असेल तर पी३एचआर-१ लाइन कारण तिच्यातल्या काही सेल्स व्हायरस बनवत असतात, आणि ईबीएनए बघायचं असेल तर राजी, कारण राजीच्या न्यूक्लियसमध्ये ते अँटिजेन असतं आणि व्हीसीए नसतं. वर पेशंटचं सीरम, धुवायचं, मग चमकणारी अँटी-ह्यूमन अँटिबॉडी, ईबीएनएला मधे कॉम्प्लिमेंटची पायरी जास्त. अंधाऱ्या खोलीत फ्लोरोसन्स मायक्रोस्कोपला डोळा लावला की हिरवे ठिपके. पी३एचआर-१ मध्ये सगळ्याच सेल्स चमकल्या तर उलट शंका घ्यायची, कारण व्हायरस बनवणाऱ्या थोड्याच असतात, सगळ्या चमकल्या म्हणजे पेशंटचं सीरम सेल्सनाच धरून राहिलं. आता एलायझा आणि ब्लॉट या टेस्ट आल्या, पण ती नजर ज्यांनी कमावली त्यांना आकड्यामागचं चित्र दिसतं.

आणि एचआयव्हीचं तर सांगितलंच पाहिजे. १९८४ मध्ये अमेरिकेतल्या रॉबर्ट गॅलो यांच्या लॅबने व्हायरस भरपूर प्रमाणात वाढवला तो एच९ या लाइनवर, ती हट-७८ ची शाखा, आणि हट-७८ आली सेझरी सिंड्रोमच्या पेशंटमधून, म्हणजे त्वचेच्या टी सेल लिम्फोमातून. २ मार्च १९८५ ला अमेरिकेत एचआयव्हीची पहिली एलायझा मंजूर झाली. पहिल्या पिढीच्या किटमध्ये असाच सेल्सवर वाढवलेला आणि फोडलेला व्हायरस लावलेला असायचा, त्यासोबत त्या सेल्सची एचएलए प्रोटीन्स पण थोडी यायचीच. ज्या बायांची बरीच बाळंतपणं झाली किंवा ज्यांना बऱ्याचदा रक्त चढवलं, त्यांच्या रक्तात एचएलएच्या अँटिबॉडी असतात, त्या व्हायरसला नाही तर सेल्सच्या त्या प्रोटीनला चिकटायच्या आणि टेस्ट पॉझिटिव्ह. विचार करा, चार लेकरांची आई, काही संबंध नाही, आणि हातात असा कागद. म्हणूनच एका एलायझावर कोणालाही काही सांगायचं नाही, वेस्टर्न ब्लॉट करायचं, ही शिस्त आली. पुढच्या किटमध्ये रिकॉम्बिनंट प्रोटीन आणि पेप्टाइड आले, सेल्स गेल्या, आणि हा त्रास बराच कमी झाला.

मृणाल बेटा, म्हणून सांगतो, टेस्टमध्ये सेल वापरली की सेलचं सगळं सामान सोबत येतं, हे लिहून ठेव.

जीनोटॉक्स_वाली

अण्णा, तुम्ही लिहिलेलं प्रिंट काढून ठेवणार आहे.

एक लाइन राहिली म्हणून सांगते, माणसाची नाही, उंदराची. एल५१७८वाय, डीबीए/२ उंदराच्या थायमसच्या लिम्फोमातून आलेली. नवीन औषधाने किंवा केमिकलने जनुकात बदल होतात का ते बघायला ही वापरतात, माउस लिम्फोमा ॲसे म्हणतात, ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेची ४९० नंबरची गाइडलाइन. या सेल्समध्ये थायमिडीन कायनेज या जनुकाची एकच चालू प्रत असते. केमिकलने ती बिघडवली तर सेल ट्रायफ्लुरोथायमिडीन या विषात पण जगते, न बिघडलेल्या मरतात. मग उगवलेल्या कॉलनी मोजायच्या. मोठ्या कॉलनी म्हणजे साधारण लहानसहान म्युटेशन, छोट्या म्हणजे क्रोमोझोमची मोडतोड, दोन्ही एकाच प्लेटवर दिसतात म्हणून मला हा ॲसे फार आवडतो. आणि यू-९३७ चा पण सरकारी टेस्टमध्ये उपयोग आहे मृणाल, यू-सेन्स नावाची, त्वचेला ॲलर्जी करणारं केमिकल ओळखायला, सेल्सवर सीडी८६ वाढतं का ते फ्लो सायटोमीटरवर बघायचं. प्राणी न वापरता. पळसाच्या फुलांचा रंग होळीला अंगाला लावतातच, पुढे कधी त्या बाजूने काम करायचं असेल तर विचार कर.

मृणाल_नागपूर

बाप्पा, एवढं सगळं! सगळ्यांचे मनापासून आभार. सेल्स न टाकता प्लेट लावली, प्रज्ञाताई, रिकाम्या विहिरींमध्ये पण वरच्या दोन डोसला जांभळा रंग चढला, गाइड मॅडमना दाखवलं, त्या म्हणाल्या आता ट्रायपॅन ब्लूवर मोजू आणि प्रत्येक डोसला सेल नसलेला कंट्रोल कायम ठेवू. शेजारच्या सीनियरला नाही म्हणून सांगितलं, तिला वाईट नाही वाटलं, उलट ती पण तिची लाइन तपासायला पाठवते म्हणाली. एनसीसीएसचं पत्र सहीला गेलंय, फक्त राजी, यू-९३७ सध्या नाही. थिसिसमध्ये बर्किटच लिहीन.

बाबांसाठी विचारणाऱ्या दादांना, काका लवकर बरे होऊ देत.

अजून एकच विचारते, पुण्याहून सेल्स मेमध्ये आल्या तर या उन्हात टिकतील का? इथे ४५ च्या पुढे जातं.

प्रज्ञा_सेलकल्चर

टिकतील, पण कशा पाठवणार ते आधी फोनवर विचार. फ्लास्क मीडियमने गळ्यापर्यंत भरून, झाकण घट्ट करून, पॅराफिल्म लावून येतो तेव्हा सेल्सना प्रवास चालतो, पण ४० च्या वर तासभर पडून राहिल्या तर संपल्या. शक्य असेल तर कोणाला तरी पुण्याहून रात्रीच्या ट्रेनने हाती आणायला सांग, एसी डब्यात, थर्माकोलच्या डब्यात, बर्फ न टाकता. सकाळी स्टेशनवरून सरळ लॅबमध्ये, मधे घरी नाही. आल्यावर लगेच उघडू नको, आधी मायक्रोस्कोपखाली बघ, मग फ्लास्क तसाच काही तास इन्क्युबेटरमध्ये उभा ठेव. त्यानंतर हळू सेंट्रिफ्यूज करून जास्तीचं मीडियम काढ, पण फेकू नको, पहिले काही दिवस तेच थोडं थोडं ताज्या आरपीएमआय-१६४० मीडियममध्ये मिसळून दे. हेलापासून वेगळी वेळ ठेव, वेगळी मीडियमची बाटली ठेव. आणि प्रयोग सुरू करायच्या आधी पहिल्याच आठवड्यात निदान पाच-सहा व्हायल १० टक्के डीएमएसओमध्ये गोठवून लिक्विड नायट्रोजनमध्ये टाक, त्यातल्या एकीवर मायकोप्लाझ्माचा पीसीआर करून घे. नायट्रोजन तुमच्याकडे नसेल तर मला मेसेज कर, आमच्या कॅनमध्ये जागा आहे.